पायलीभर धानाचा पाळणा

पाळणा खिडकीच्या गजाला दोरीने बांधलेला होता. आढ्याच्या लोखंडी कडीतून चार दोर खाली आले होते, दोर नवे होते, जुन्या सागवानाला तेल पाजलेलं होतं. त्या खोलीत टांगल्यापासून त्यात एकदाही मूल निजलं नव्हतं. घरात मूल नव्हतं असं नाही. ते शेजारीच, आईच्या जुन्या लुगड्याच्या झोळीत निजायचं.

मी त्या वेळी गोंदियाच्या एका सरकारी शाळेत इतिहास-भूगोल शिकवत होतो. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती, राज्य अजून जुनंच होतं, आणि गोंदिया भंडारा जिल्ह्यात मोडत होतं. पुढे मी वर्तमानपत्रात गेलो. इथे लिहितो आहे त्यातलं बहुतेक मी स्वतः पाहिलेलं आहे. जे ऐकीव आहे ते तसं सांगेन.

पाळणा आमच्या शाळेच्या विज्ञान शिक्षकांचा. शाळेत सगळे त्यांना विज्ञानमास्तर म्हणत, मीही म्हणत असे. ते तालुक्यातल्याच एका धानाच्या शेतीवाल्या घरचे. त्या घरातून कॉलेजपर्यंत पोचलेले पहिले. आमच्या खोल्या रेल्वेच्या रुळांजवळ एकाच रांगेत होत्या, मधे एक भिंत आणि पुढे सामाईक अंगण. मी एकटा राहत असे, त्यामुळे आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी माझं जेवण त्यांच्याकडे होई. त्यांच्या पत्नी मला भाऊजी म्हणत.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांना आता दिवस गेले होते. बाईंना माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण गोंदियातच करायचं ठरलं. विज्ञानमास्तरांच्या आईने गावाहून बैलगाडीत घालून घरचा पाळणा पाठवला. त्यात विज्ञानमास्तर निजले होते, त्यांच्या आधी त्यांचे वडील. गाडीतून तो उतरवून घेताना मास्तरांनी त्याची कड हाताने पुसली आणि मला म्हणाले, "आता यात आमचं लेकरू निजेल." ते फारसं बोलणारे नव्हते. त्यांना काय हवं होतं ते त्यांनी मला एवढंच, त्या एका वाक्यात सांगितलं. पुढचं सगळं त्या वाक्याभोवती झालं.

त्यांचा धडा चालू असला की इतर शिक्षक मोकळ्या तासाला दाराशी जाऊन उभे राहत. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट होतं, आणि त्यात काचेची भांडी सोडली तर फारसं काही नव्हतं. म्हणून ते बाहेरच्या वस्तूंवर शिकवत. दोलनाचा धडा त्यांनी असाच सुरू केला. घरून शाळेत येईपर्यंत पुढेमागे किंवा खालीवर हलणारं काय काय दिसलं ते सांगा, म्हणाले.

मुलांनी भराभर सांगितलं. स्टेशनातल्या घड्याळाचा लंबक. गिरणीतला तांदूळ वेगळा करणारा चाळणा. ढेकी. बाजारातला स्प्रिंगचा काटा. चिंचेला बांधलेला झोका. अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीचा डबा, जो वळणावर इतका डोलतो की बसलेला माणूस शेजाऱ्याच्या मांडीवर जातो. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, तुमची मान. फळ्याकडून आमच्याकडे, आमच्याकडून फळ्याकडे."

वर्ग हसला. मास्तरही हसले. म्हणाले, "चांगलं उदाहरण आहे. पण माझी मान माझ्या मनाचं ऐकते. मी आज फळ्याकडे पाहणारच नाही असं ठरवलं तर ती हलणार नाही. आता बाकीच्यांचं सांगा. कोण कोणाचं ऐकतं?"

तिथून पुढे तो सगळा तास याच एका प्रश्नावर चालला. ढेकी कोणाचं ऐकते? पायाचं. लाकडाच्या लांब दांड्याच्या एका टोकावर पाय द्यायचा, दुसऱ्या टोकाचं मुसळ उचललं जातं, पाय काढला की ते उखळात पडतं. बाई गाणं म्हणत असेल तर ढेकी तालावर चालते, पण तो ताल बाईचा आहे. बाई पाणी प्यायला गेली की ढेकी नुसतं लाकूड. चाळणा इंजिनाच्या पट्ट्याचं ऐकतो. पट्टा निसटला की थांबला. यांच्या हलण्यात नियमितपणा आहे, पण तो उसना आहे.

मग त्यांनी रबरी चेंडू जमिनीवर टाकला. टप्पे ऐका, म्हणाले. टप्पे लहान होत गेले तसे ते लवकर लवकर पडू लागले आणि शेवटी चेंडू नुसताच थरथरला. "हा आपणहून हलतो, पण याचा वेळ उंचीवर अवलंबून आहे. उंची गेली की वेळ गेला." स्प्रिंगच्या काट्याला त्यांनी आधी कुलूप लटकवलं, मग पाण्याची लोटी. कुलूप चटचट वरखाली झालं, लोटी सावकाश. "स्प्रिंगला स्वतःचा वेळ आहे, पण ती वजनाचंही ऐकते. जड लटकवलं की संथ."

शेवटी त्यांनी सारख्या लांबीच्या दोन दोऱ्यांना एक सुपारी आणि एक दगड बांधला आणि दोन्ही एकदम सोडले. दोघं बरोबर गेले, बरोबर परतले. "झोका फार मोठा नसला तर हा कोणाचं ऐकतो? फक्त दोराच्या लांबीचं. आणि खाली ओढणाऱ्या पृथ्वीचं, पण ती गोंदियात सगळ्यांना सारखीच ओढते. वजनाचं हा ऐकत नाही. यातच सगळा फरक आहे."

तांदळाच्या व्यापाऱ्याचा मुलगा उभा राहिला. त्याच्या घरी हिंदीच बोलत. "गुरुजी, ये तो छोटा पत्थर है. असली पालना भारी हो तो धीरे ही झूलता है. घर में देखा है."

त्याला वर्गातून दुजोरा मिळाला. रेल्वेच्या गार्डची एक मुलगी होती पुढच्या बाकावर. ती म्हणाली, "खरं आहे गुरुजी. माझा भाऊ लहान होता तेव्हा पाळणा पटपट जायचा. आता जात नाही."

"तू मोजलंस?"

"मोजत नाही, गुरुजी. झोपवते."

पुन्हा हशा. मास्तरांनी समजावलं की जड पाळण्याला ढकलणारा हात दमतो, झोका लहान पडतो, आणि आपल्याला तो संथ वाटतो. मुलांनी ऐकून घेतलं, पण मानलं नाही. तोंडांवरून कळत होतं. सुपारीचं त्यांना पटलं होतं, पाळण्याचं पटलं नव्हतं. तेव्हा मास्तर म्हणाले, "उद्या पाळणा आणतो."

त्या संध्याकाळी मी अंगणात होतो. मास्तर चूळ भरून आले आणि बाईंना म्हणाले, "पाळणा उद्या शाळेत न्यायचा आहे. एका तासासाठी."

"आपला?"

"दुसऱ्या कोणाचा नेऊ?"

बाई तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. "अहो, रिकामा पाळणा हलवत नसतात."

हे आमच्याकडे लहान पोराला सुद्धा माहीत असतं. मास्तरांनाही होतं. त्यांनी बहुधा वाटेतच विचार केलेला असावा, कारण उत्तर लगेच आलं. "रिकामा नाही हलवणार. धान ठेवतो त्यात. आधी एक पायली, मग दोन, मग जास्त. मला वजनच बदलून दाखवायचं आहे."

"रिकामा एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"मग न्या. पण शब्द द्या."

"दिला."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, तुम्ही साक्षीला."

"मी असणारच आहे," मी म्हणालो. "सेकंद काटा माझ्याच घड्याळाला आहे."

त्यांना हसू आलं. सकाळी त्यांनीच कोठीतून पायली भरभरून धान मोजून पोत्यात घातलं. हे नीट लिहायला हवं, कारण पुढे सगळा दोष मास्तरांकडे गेला. धान त्यांनी स्वतःच्या हाताने दिलं होतं, आणि देताना घरात कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

शाळेच्या ओसरीवर तुळईला पाळणा टांगला. शाळेचा शिपाई आणि चार मोठी मुलं लागली. मुख्याध्यापक खुर्ची घेऊन आले. मी घड्याळ हातात धरलं, गार्डच्या मुलीने झोके मोजले, व्यापाऱ्याच्या मुलाने पाळणा सोडला. ढकलायचा नाही, फक्त एका बाजूला धरून सोडायचा, असं बजावलेलं होतं. पायलीभर धान पाळण्याच्या तळाशी पातळ पसरलेलं. ठरलेले झोके झाले, मी वेळ सांगितली, मास्तरांनी फळ्यावर लिहिली. मग धान वाढवलं. पुन्हा. मग आणखी.

वेळ तीच आली. शेवटी सगळं पोतं रिकामं केलं तेव्हा केसभर फरक पडला. मास्तरांनी तो लपवला नाही. धानाची रास वर चढली की वजनाचा मध्यही वर सरकतो, म्हणजे दोर जणू किंचित आखूड होतो, तेवढा हा फरक, असं त्यांनी सांगितलं. व्यापाऱ्याच्या मुलाने कानाला हात लावले. "मान गया, गुरुजी."

"अजून एक बघा," मास्तर म्हणाले. त्यांनी पुन्हा पायलीभरच धान ठेवून पाळणा सोडला आणि तो आपोआप थांबेपर्यंत सगळ्यांना उभं केलं. मग भरलेला सोडला. भरलेला कितीतरी वेळ चालत राहिला. "जाण्यायेण्याचा वेळ दोघांचा सारखा. थांबणं सारखं नाही. हवा दोघांना सारखीच अडवते, पण हलक्याकडे गाठीला थोडं असतं. ते लवकर संपतं."

गार्डच्या मुलीने विचारलं, "आणि रिकामा, गुरुजी?"

फळ्यावर त्यांनी सवयीने पहिली ओळ 'रिकामा' म्हणून लिहून ठेवली होती. तिच्यापुढे काही नव्हतं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ती ओळ मोकळी राहू द्या. खालच्या ओळींवरून उत्तर काढता येतं."

"पण बघता आलं असतं ना."

"आलं असतं," ते म्हणाले, आणि पाळणा सोडवायला सांगितला.

तो त्यांच्या शिकवण्यातला सगळ्यात चांगला दिवस होता. मुख्याध्यापकांनी तसं बोलून दाखवलं. धान पोत्यात भरून घरी आलं आणि परत कोठीत पडलं. दुसरीकडे कुठे जाणार? त्यानंतरच्या दिवसांत ते कांडलं गेलं, शिजलं, आणि आम्ही तिघांनी खाल्लं.

विज्ञानमास्तरांची आई बाजाराच्या दिवशी आली. त्यांच्या गावचा एक मुलगा त्याच वर्गात होता. सुटीला गावी गेला तेव्हा त्याने मोठ्या कौतुकाने सगळं सांगितलं होतं. म्हातारी गाडीतून उतरली, ओट्यावर बसली, पुढे केलेला पाण्याचा पेला तिने तसाच खाली ठेवला.

"बाबू, पाळन्यात धान ठेवलंस म्हनतेत. खरं का?"

"हो माय. रिकामा हलवायचा नव्हता म्हणून."

"कोनं सांगतलं धान ठेवाले?"

"कोणी नाही. मीच ठरवलं."

"मंग का केलं त्या धानाचं?"

"कोठीत टाकलं."

"अन् मंग?"

 बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं, "कांडलं, सासूबाई. शिजवलं."

"खाल्लं?"

 उत्तर सगळ्यांना माहीत होतं. म्हातारी आवाज न चढवता बोलली. "लेकराच्या जागी ठेवलं, लेकरासारखं झुलवलं, अन् मंग कांडून खाल्लं. काऊन रे बाबू? एवढं शिकलास ते यासाठी?"

"माय, बारशाला आपण लेकराच्या आधी वरवंटा ठेवतोच ना पाळण्यात? त्याला टोपरं घालतो, झुलवतो. मग धानानेच काय बिघडलं?"

"वरवंटा कोनी खात नाई," म्हातारी म्हणाली.

पुढे मी हे वाक्य बऱ्याच ठिकाणी सांगितलं आणि ऐकणारे दर वेळी हसले. त्या ओट्यावर कोणी हसलं नाही. बाईंचा हात आपोआप पोटावर गेला होता. मास्तरांनी तो पाहिला. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांचा प्रयोग त्या क्षणी संपला, आणि दुसरंच काही सुरू झालं. धान ठेवू नये असं कोणी कधी सांगितलेलं नव्हतं. तसा नियमच नव्हता. नियम एवढाच होता की रिकामा हलवू नये, आणि तो पाळण्यासाठी मास्तरांनी जे केलं त्यातून ओट्यावर बसल्याबसल्या एक नवा नियम तयार झाला, आणि तो मोडला गेल्याचंही त्याच वेळी कळलं.

म्हातारीने पाळण्याचं काय करायचं तेही सांगून टाकलं. एकदा टांगला गेला आहे तर आता टांगूनच ठेवायचा. पोरगं पायावर उभं होईपर्यंत उतरवायचा नाही. पण हलू द्यायचा नाही. तिने स्वतः उभं राहून तो खोलीत टांगून घेतला आणि खिडकीच्या गजाला दोरी बांधली. गाठ मारताना बाईंना म्हणाली, "पोरी, सोडू नोको हे." कोठीत उरलेलं धान त्याच दिवशी गुरांना गेलं.

मुलगी झाली. सुखरूप झाली, वजनाला चांगली, रडायला खणखणीत. मास्तर इस्पितळातून सरळ शाळेत आले आणि वर्गात पेढे वाटले. त्यांचा चेहरा मला आठवतो. आता प्रश्न मिटला, असं त्यांना वाटलेलं दिसत होतं. मूल नीट आलं, म्हणजे धानाने काही केलं नाही, हे त्यांच्या दृष्टीने सिद्ध झालं होतं.

बारशाच्या सकाळी त्यांनी खिडकीपाशी जाऊन गाठीवर हात ठेवला. "आज तरी?"

"आज तर नाहीच," बाई म्हणाल्या.

मुलीचं बारसं झोळीत झालं. वरवंट्यालाही झोळीतच निजवलं. म्हातारीने नातीला पोटाशी धरलं, काजळ लावलं, आणि पाळण्याकडे एकदाही पाहिलं नाही.

झोळी त्याच आढ्याला, पाळण्यापासून हातभर अंतरावर होती. काही दिवसांनी बाईंच्या लक्षात आलं की झोळी हलवली की बांधलेला पाळणा थरथरतो. दोरी ताणली जाते, सैल पडते, पुन्हा ताणली जाते. त्यांची हाक भिंतीपलीकडे मला ऐकू आली म्हणून मी गेलो. मास्तर आधीच पोचले होते.

"कोण हलवतं त्याला?" बाई विचारत होत्या. मुलगी त्यांच्या खांद्यावर होती.

"कोणी नाही. झोळीच हलवते. दोन्ही एकाच आढ्याला आहेत आणि दोन्हींची लांबी जवळजवळ सारखी. एक हलला की आढ्यातून त्याची चाल दुसऱ्याला लागते. लांबी सारखी असली की दुसरा ती चटकन उचलतो. घरात दोन घड्याळं असली तर..." ते थांबले. बाई ऐकत नव्हत्या.

मग त्यांनी स्टूल घेतलं आणि झोळीची वरची गाठ सोडून ती चांगली वीतभर आखूड बांधली. झोळी हलवून दाखवली. पाळणा स्वस्थ राहिला. ते खाली उतरले. त्यांना आनंद झाला होता, तो त्यांना लपवता येत नव्हता. "बघ. लांबी बदलली, आता तो हिचं ऐकत नाही."

बाई म्हणाल्या, "थांबवता येत होतं, तर आधी का नाही थांबवलं?"

या प्रश्नातला अन्याय मला तेव्हाही दिसला. पण बाईंच्या जागी उभं राहून पाहिलं तर प्रश्न सरळ होता. ज्याला सगळ्या हलण्याची कारणं माहीत आहेत, त्याच्याच घरात ते हलत होतं.

मुलगी इतर मुलांसारखीच वाढली. दात येताना ताप आला, पावसाळ्यात खोकला झाला, एकदा पोट बिघडलं. गोंदियातल्या प्रत्येक घरी हे होतच होतं. फरक एवढाच की त्या घरात मूल आजारी पडलं की बाईंची नजर आधी पाळण्याकडे जाई, मग मुलीकडे. मास्तर सुरुवातीला बोलायचे. शेजारच्या मुलालाही खोकला आहे, त्याच्या पाळण्यात कोणी धान ठेवलं होतं? नंतर ते बोलेनासे झाले. बाई भांडत असत्या तर बरं झालं असतं, असं ते एकदा मला स्टेशनच्या पुलावर म्हणाले. त्या भांडत नव्हत्या. "मीच मोजून दिलं, मीच रांधलं," एवढंच म्हणायच्या.

त्याच पुलावर त्यांनी मला विचारलं, "मी चूक काय केली ते सांगा. शब्द दिला होता, तो पाळला. रिकामा हलवला असता तर माय ओरडली असती, चार दिवस बोलली नसती, आणि विसरली असती. रिकाम्या पाळण्याला उतारा असतो आमच्याकडे, नारळ फोडतात. याला उताराच नाही. याच्या आधी असं कोणी केलेलंच नाही."

खालून छोटी गाडी डोलत गेली. तिच्याकडे बघत ते म्हणाले, "आणि ती ओळ मोकळीच राहिली."

पुढच्या वर्षी दोलनाचा धडा आला तेव्हा त्यांनी दोऱ्यावरची सुपारी आणि दगड दाखवला, सूत्र फळ्यावर लिहिलं आणि पुस्तक उघडायला सांगितलं. पाळण्याची गोष्ट शाळेत पसरलेली होतीच. कोणीतरी विचारलं, "गुरुजी, यंदा पाळणा नाही का?" ते म्हणाले, "पुस्तकात आहे तेवढं बघू." कोण कोणाचं ऐकतं हा प्रश्न त्यांनी त्या वर्गाला विचारला नाही. त्याच्या पुढच्या वर्गालाही नाही. दाराशी उभं राहणारे आम्ही शिक्षक हळूहळू आपापल्या खोलीत बसू लागलो.

आता एक ऐकीव गोष्ट. ती मला बाईंनी सांगितली, फार वर्षांनी, नागपूरला, मास्तर गेल्यानंतर मी भेटायला गेलो तेव्हा. मुलगी रांगत होती त्या काळातली. उन्हाळ्यातली दुपार होती, बाई चटईवर पडल्या होत्या. मास्तरांनी झोपलेल्या मुलीला झोळीतून उचललं आणि पाळण्यापाशी जाऊन उभे राहिले. एका हाताने त्यांनी आतली दुलई सारखी केली. बराच वेळ तसेच उभे होते. मग मुलीला परत झोळीत ठेवलं आणि बाहेर गेले.

"मी जागीच होते, भाऊजी. डोळे मिटून होते."

"अडवलं का नाही?"

"त्यांनी ठेवली तर बरं होईल, असं वाटत होतं," बाई म्हणाल्या. "मला सांगवत नव्हतं. त्यांनी न विचारता ठेवली असती, अन् ती उठून हसली असती, तर माझं संपलं असतं सगळं. मी वाट बघत होते."

"त्यांना हे कधी बोललात?"

"नाही. ते मला भीत होते. मला तेव्हा ते समजलं नाही."

राज्यांची फेररचना झाली, आम्ही मुंबई राज्यात गेलो, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात मास्तरांच्या बदलीचा हुकूम आला. तोपर्यंत मुलगी केव्हाच चालू लागली होती. म्हातारीची अट पूर्ण झाली होती, तरी पाळणा कोणी उतरवला नव्हता. त्या विषयाला हात लावायचं सगळेच टाळत होते, असं दिसतं. सामान स्टेशनवर न्यायला संध्याकाळी गाडीवान आला. पेट्या गेल्या, भांडी गेली, पाटा-वरवंटा गेला, रिकामी कोठी ओट्यावर आली. पाळणा गावी परत जायचा होता.

मी दाराशी उभा होतो. मास्तर हातात कंदील घेऊन खोलीच्या मधोमध होते. गाडीवानाला काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. दोरी कुजली होती. त्याने गाठ सोडायचा खटाटोप न करता ती खिडकीपाशी विळ्याने कापली. पाळणा इतकी वर्षं थोडा खिडकीकडे ओढलेला होता. तो सुटला, आणि खोलीच्या मध्याकडे येऊन पलीकडे गेला, आणि परत आला.

तो रिकामा होता. दुलई आधीच काढलेली होती. कोणी ढकललेला नव्हता, एका बाजूला धरून सोडलेला होता, जसा सोडायला हवा तसा.

मास्तर हलले नाहीत. त्यांचे ओठ हलत होते. मी हे शपथेवर सांगेन: ते मोजत होते. माझी नजर मनगटावरच्या घड्याळाकडे गेली, ती सवयीने. पाळणा आला, गेला. झोका आत्ताच थोडा लहान होऊ लागला होता.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात बाई आल्या. मुलगी त्यांचं बोट धरून होती. तिने तो पाळणा जन्मापासून पाहिला होता, पण हलताना कधीच पाहिला नव्हता. ती खदखदून हसली. "आई, ते हललं!"

 बाई थांबवा असं म्हणाल्या नाहीत, हे मी पाहिलं. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं, कंदील खाली ठेवला, दोन पावलं पुढे गेले आणि पाळण्याच्या कडेवर तळहात ठेवला. पाळणा थांबला.

"उतरव बाबा," ते गाडीवानाला म्हणाले.

मी सेकंद काट्याकडे पाहिलं होतं. थोडे झोके झाले होते. नोंद घेण्याइतके नव्हते.